घोडा, तट्टू आणि गवळाऊ



दिवसभर वर्ध्याचे ऊन सोसल्यावर अंगणात पाणी शिंपडून खाट टाकण्याची ही वेळ. ती सोडून आपण येथे आलात, आणि तेही घोड्यांविषयी ऐकायला, याबद्दल आम्ही आपले आभारी आहोत. विषय जाहीर झाल्यापासून आम्हांला एकच प्रश्न पुनःपुन्हा विचारला गेला: ‘वर्ध्यात घोडा उरला आहे कोठे?’ प्रश्न रास्त आहे. टांगे गेले, त्यांबरोबर टांग्याची तट्टेही गेली. आता लग्नसराईत वरातीपुढे एखादी पांढरी घोडी दिसते, तेवढीच. सबंध देशाचा हिशेब पाहिला तरी चित्र वेगळे नाही. २०१२ च्या पशुगणनेत भारतात घोडे आणि तट्टे मिळून सुमारे सव्वासहा लाख होती. २०१९ च्या गणनेत ती सुमारे तीन लाख चाळीस हजार भरली. सात वर्षांत जवळजवळ निम्मी!

मग नाहीशा होत चाललेल्या या जनावराची कथा ऐकायची कशासाठी? आमचे उत्तर असे की, जनावराची जात कशी जन्मते, कशी वाढते आणि कशी मरते, हे घोड्याच्या इतिहासात जितके स्वच्छ दिसते तितके दुसऱ्या कोणत्याही जनावराच्या इतिहासात दिसत नाही. आणि तो धडा आपल्याला, विशेषतः आर्वी, आष्टी, कारंजा, सेलू या तालुक्यांतल्या मंडळींना, आजच हवा आहे. का, ते शेवटी सांगू.

प्रथम ‘जात’ या शब्दाविषयी. माणसांतील जातिभेद मोडावा असे सांगणाऱ्या महात्म्याचे वास्तव्य ज्या जिल्ह्यात झाले, तेथे उभे राहून आम्ही जनावरांच्या जाती राखाव्यात असे सांगणार आहोत. त्यात विसंगती नाही. माणसाची योग्यता त्याच्या जन्मावरून ठरवणे हा अन्याय आहे. पण जनावराची जात म्हणजे पिढ्यान्‌पिढ्या माणसाने केलेली निवड. कोणती घोडी कोणत्या घोड्याला दाखवायची, कोणते शिंगरू ठेवायचे आणि कोणते विकायचे, हे शेकडो वर्षे ठरत गेले, आणि त्यातून एक ठरावीक अंगलोट, चाल आणि स्वभाव पक्का झाला. म्हणजे जनावराची जात ही माणसाची कारागिरी आहे.

ही कारागिरी सुरू झाली कोठे? कझाकस्तानात बोताई नावाचे एक प्राचीन वसतिस्थान आहे. तेथे सुमारे साडेपाच हजार वर्षांपूर्वीची घोड्यांची अमाप हाडे मिळाली, आणि मातीच्या भांड्यांत घोडीच्या दुधाचे अंशही सापडले. तेव्हा आजच्या साऱ्या घोड्यांचे मूळ तेच, असे बरेच दिवस वाटत होते. परंतु आनुवंशिक द्रव्याच्या तपासणीने ही समजूत बदलली. आजच्या पाळीव घोड्यांचे पूर्वज व्होल्गा आणि डॉन या नद्यांच्या खालच्या खोऱ्यांतील गवताळ प्रदेशातले, आणि इ.स. पूर्व २२०० च्या सुमारास ते तेथून झपाट्याने चहूकडे पसरले, असे २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनाने दाखवले. त्यातली एक गोष्ट ध्यानात ठेवण्याजोगी आहे. या घोड्यांत दोन गुणांची निवड झालेली दिसते: एक, पाठीची मजबुती आणि दुसरा, शांत स्वभाव. म्हणजे चार हजार वर्षांपूर्वीच्या त्या माणसांनी रंग पाहिला नाही, डौल पाहिला नाही. ओझे पेलणारी पाठ आणि माणसाला सोसणारे मन पाहिले. काम आधी, रूप मागाहून.

हेच सूत्र हाती धरून जगभर फिरून पाहा. अरबी वाळवंटात पाणी थोडे, चारा त्याहून थोडा, आणि मजल लांबची. तेथे हलक्या हाडाचा, मोठ्या नाकपुड्यांचा, चिवट दमाचा अरबी घोडा घडला. बेदुइन लोक त्याची वंशावळ घोडीच्या बाजूने, आईकडून आजीकडे अशी, तोंडपाठ ठेवीत. इंग्लंडात शर्यतीचा षोक वाढला, तेव्हा सतराव्या शतकाच्या अखेरीस आणि अठराव्याच्या आरंभी पूर्वेकडून घोडे आणले गेले. त्यांतल्या तिघांची नावे इतिहासात राहिली: बायर्ली टर्क, डार्ली अरेबियन आणि गॉडॉल्फिन अरेबियन. आज पुण्या-मुंबईच्या शर्यतीत धावणारा प्रत्येक थरोब्रेड घोडा बापाच्या बाजूने या तिघांपैकी एकापर्यंत जाऊन पोचतो. आणि हे आपण छातीठोकपणे सांगू शकतो, कारण तेथे १७९१ पासून वंशावळीची नोंदवही छापली गेली.

उलट टोकाला इंग्लंडचा शायर पाहा. मऊ चिखलातून जड गाडे ओढण्यासाठी तयार झालेला, सुमारे एक टन वजनाचा, पायांवर केसांचे झुबके असलेला हा पहाड. आणि स्कॉटलंडच्या उत्तरेकडील बेटांवरचे शेटलंड तट्टू पाहा. थंड वारा, खुरटे गवत. त्यामुळे जनावर कमरेएवढे, पण अंगात ताकद अशी की मोठ्या घोड्याने लाजावे. १८४२ साली ब्रिटिश पार्लमेंटने स्त्रियांना आणि दहा वर्षांखालील मुलांना कोळशाच्या खाणीत उतरवायला बंदी केली. कायदा चांगलाच होता. पण मुलांनी ओढलेल्या ढकलगाड्या पुढे ओढल्या कोणी? या शेटलंड तट्टांनी! कित्येक तट्टांनी वर्षानुवर्षे सूर्य पाहिला नाही. जातीचे काम बदलते, आणि कधी ते असे निष्ठुरपणेही बदलते.

घोडा आणि तट्टू यांत भेद तो काय, असे कोणी विचारील. इंग्रज लोक खांद्याच्या उंचवट्याशी पंजांनी उंची मोजतात. एक पंजा चार इंचांचा. साधारणपणे अठ्ठावन्न इंचांपर्यंत तट्टू आणि त्यावर घोडा. पण हा नियम जगाने मनावर घेतलेला नाही. आइसलंडचे जनावर उंचीने तट्टूच; त्याला तेथे कोणी तट्टू म्हटलेले खपत नाही. त्या बेटाने शेकडो वर्षे बाहेरचा घोडा आत येऊ दिलेला नाही. स्वतःचा घोडा एकदा परदेशी गेला की त्यालाही परत घेत नाहीत. स्वार पाण्याने भरलेला पेला हाती धरून बसला तरी थेंब सांडू नये अशी त्याची एक खास चाल आहे, आणि त्या चालीमागे कोणते जनुक आहे तेही २०१२ साली उमगले. चाल हीदेखील रक्तात असते, एवढे येथे ध्यानात ठेवावे. पुढे उपयोगी पडेल.

आता आपल्या देशाकडे वळू. घोड्याचे शास्त्र आपल्याकडे जुने. शालिहोत्राचे नाव त्याला जोडलेले आहे, आणि घोड्यांच्या वैद्याला मराठीत शालोत्री म्हणत ते त्यावरूनच. राजस्थानचा मारवाडी आणि सौराष्ट्राचा काठियावाडी हे कानांवरून ओळखावेत. कानांची टोके आत वळून एकमेकांना भिडू पाहतात. मारवाडी घोड्याची रेवाल चाल प्रसिद्ध आहे. स्पिती, झांस्कारी आणि भुतिया ही हिमालयातील तट्टे. विरळ हवेत, निसरड्या वाटेवर ओझे नेणारी. मणिपूरचे तट्टू तर साऱ्या जगाला ठाऊक असायला हवे. तेथला सगोल कांगजेई हा घोड्यावरून खेळायचा खेळ इंग्रज चहामळेवाल्यांनी पाहिला, १८५९ साली सिल्चरला क्लब काढला, आणि तोच खेळ पोलो या नावाने जगभर गेला. खेळ जगाचा झाला. तट्टू मात्र मागे राहिले. २००३ साली मणिपुरात ती सुमारे एकोणीसशे होती, २०१२ साली सुमारे अकराशे.

आणि आपले महाराष्ट्राचे? आपले भीमथडीचे तट्टू. भीमेच्या थडीवरचे, म्हणून भीमथडी. दक्षिणेतील राजे समुद्रमार्गे अरबी घोडे आणवीत, पैसा पाण्यासारखा ओतीत, आणि ते घोडे येथल्या हवेत आणि येथल्या खुराकावर टिकत नसत. मार्को पोलोनेही दक्षिणेतील ही नासाडी नोंदवून ठेवली आहे. मराठ्यांनी शहाणपणाचा मार्ग धरला. अरबी आणि तुर्की रक्त देशी तट्टांत मिसळले, आणि सतराव्या-अठराव्या शतकांत एक जात घडत गेली: दिसायला बेताची, पण कडब्यावर भागवणारी, डोंगर चढणारी, दिवसाकाठी लांब मजल मारूनही दुसऱ्या दिवशी पुन्हा उभी राहणारी. शिलेदार स्वतःचे घोडे आणी, बारगीर सरकारी पागेतले घेई. दोघांचेही प्राण या तट्टांच्या चार पायांवर असत. १७४२ पासून नागपूरकर भोसल्यांची फौज बंगालवर चालून गेली, ती आपल्याच या मुलखातून. बारगिरांची बंगाल्यांनी इतकी धास्ती घेतली की तेथे ‘बर्गी’ हा शब्द अंगाईगीतांत शिरला. त्या स्वाऱ्यांत सामान्य रयतेचे जे हाल झाले त्यांचा अभिमान बाळगण्याचे कारण नाही. पण तट्टांची ताकद त्यावरून कळते. नागपूरच्या राजा बढे यांचे जे गीत २०२३ साली राज्यगीत झाले, त्यातही या तट्टांचा उल्लेख आहे.

गंमत अशी की, तट्टाचे नाव प्रत्येक मराठी माणसाच्या तोंडी, आणि जात म्हणून तिची सरकारी नोंद झाली ती मात्र २०२४ साली! तोवर ती जगली कोणामुळे? संस्थानिकांमुळे नव्हे, शर्यतवाल्यांमुळेही नव्हे. ती जगली मेंढरांमागे रानोमाळ हिंडणाऱ्या धनगरांमुळे. त्यांचा संसार, भांडीकुंडी, कोकरे, कधी लहान मूल, या तट्टांच्या पाठीवर वाहिले जाते. फौज गेली, पण ओझे राहिले. म्हणून जात राहिली.

येथे आमच्या विषयाचे मर्म येते. काम जातीला जन्म देते. काम गेले की जातीपुढे तीनच वाटा उरतात. पहिली, नामशेष होण्याची. युरोपातला तारपान हा रानटी घोडा असा गेला. शेवटचा १९०९ साली रशियात बंदिवासात मेला. दुसरी, दुसऱ्यांत विरून जाण्याची. नॉरफोक ट्रॉटर नावाची दुडक्या चालीची उत्तम जात इंग्लंडात होती. तिच्या रक्तातून हॅकनी उभी राहिली, आणि ती स्वतः उरली नाही. तिसरी वाट, कोणीतरी वेळीच जागे होण्याची. यॉर्कशरचा क्लीव्हलंड बे हा बग्गीचा घोडा. मोटारी आल्या, बग्ग्या गेल्या, आणि १९६० नंतरच्या पहिल्या दोन-तीन वर्षांत इंग्लंडात या जातीचे शुद्ध नर बोटांवर मोजण्याइतके उरले. त्यांतला मलग्रेव्ह सुप्रीम नावाचा एक परदेशी जाणार होता. राणी एलिझाबेथने तो विकत घेतला, इतर पैदासकारांच्या घोड्यांसाठी खुला केला, आणि जात पुन्हा वाढीस लागली. मंगोलियाच्या प्शेवाल्स्की घोड्याची गोष्ट याहून थोर आहे. १९६९ नंतर तो रानात दिसेनासा झाला. निरनिराळ्या प्राणिसंग्रहालयांत वाढवलेल्या डझनभर जनावरांच्या वंशातून तो १९९२ पासून पुन्हा स्वतःच्या माळावर सोडला गेला. तेव्हा जात वाचवता येते, हे स्वप्नरंजन नव्हे. पण वरातीमागून घोडे नाचवून ती वाचत नाही.

श्रोतेहो, आता आपण घरी येऊ. फौजेचा घोडा दूरच्या मजला मारू लागला, पण तिचे सामान, दाणागोटा, तंबू, दारूगोळा मागे रखडला, तर त्या वेगाचा उपयोग काय? घोड्याला लागते चंदी. ती कोणीतरी मागून आणायला हवी. सामान वाहायचे बैलाने. म्हणजे घोड्याच्या चालीशी आपली चाल जुळवील असा बैल हवा. म्हैसूरच्या राजांनी आणि पुढे हैदर-टिपूंनी त्यासाठीच अमृतमहाल ही बैलांची जात जोपासली, आणि तिच्या बळावर हैदराच्या फौजा वाऱ्यासारख्या पळत. आपल्या मुलखात तेच काम ज्या बैलाने केले असे जाणकार मानतात, तो आपला गवळाऊ. सातपुड्याच्या पायथ्याच्या डोंगराळ वाटांवरून फौजेचे सामान झपाट्याने नेण्यासाठी मराठ्यांनी या जातीला दुडक्या चालीचे वळण दिले, असे सांगतात. घोड्याच्या व्याख्यानात बैल का आणला, ते आता कळले असेल. भीमथडीचे तट्टू आणि वर्ध्याचा गवळाऊ ही एकाच गरजेची दोन लेकरे आहेत.

आपल्यापैकी कित्येकांनी लहानपणी हा बैल पाहिला असेल. पांढराशुभ्र वर्ण; नर वयात आला की मानेवर आणि वशिंडावर करडी झाक. लांबट, निमुळते तोंड, बदामी डोळे, आखूड शिंगे, गळ्याखाली लोंबती पोळी. आंध्रातील ओंगोल जातीशी त्याचे जवळचे साम्य, पण हाडाने हलका आणि पायाने चपळ. गवळ्यांनी सांभाळला म्हणून गवळाऊ. वर्धा आणि नागपूर हे जिल्हे, आणि पलीकडचे छिंदवाडा, शिवनी, बालाघाट, हे त्याचे घर. दमणीला जुंपला की लगीनघरी वेळेवर पोचवणारा, बंडीला जुंपला की कापूस बाजारात नेणारा, आणि शंकरपटात उतरला की धुरळा उडवणारा. आइसलंडच्या घोड्याची चाल जशी रक्तात आहे, तशी याचीही आहे. ती चाबकाने शिकवता येत नाही.

या जातीकडे थोरामोठ्यांनीही पाहिले होते. जमनालाल बजाज यांनी आयुष्याचे अखेरचे महिने वर्ध्यात गोसेवेला वाहिले. ११ फेब्रुवारी १९४२ रोजी ते गेले. पुढे कारंजा तालुक्यात हेटीकुंडी येथे गवळाऊच्या पैदाशीसाठी सरकारी केंद्रही चालले. १९५३ साली जागतिक अन्न व शेती संघटनेने भारत-पाकिस्तानच्या गोवंशावर ग्रंथ काढला, त्यात या जातीला जागा मिळाली. मग घसरण का झाली?

कारण उघड आहे. मोटारीने दमणी नेली, ट्रॅक्टरने नांगर नेला. उरले दूध, आणि दुधात गवळाऊ गाय एका वेतात सरासरी सुमारे सहाशे किलोंवर थांबते. जर्सी-होल्स्टीनच्या संकरित गाईशी तिची तुलना केली की शेतकरी मुकाट्याने संकराकडे वळतो. त्याला दोष देऊ नये. त्याच्या घरी चूल आहे. त्यातच चराईची राने आक्रसली. ज्या नंदगवळ्यांनी डोंगराच्या कुशीत कळप राखले, त्यांना गवतासाठी वणवण करावी लागते. बोरच्या जंगलात वाघ राखायलाच हवा, हे आम्हांला मान्य आहे; परंतु वाघाची हद्द आखताना गवळ्याच्या गाईने चरावे कोठे, याचेही उत्तर कोणीतरी द्यायला हवे. शंकरपटावर २०१४ साली बंदी आली, २०२१ च्या डिसेंबरात तो पुन्हा सुरू झाला, आणि २०२३ साली सर्वोच्च न्यायालयाने त्याला कायद्याच्या चौकटीत मान्यता दिली. मधल्या सात वर्षांत चपळ गोऱ्ह्याला गिऱ्हाईक राहिले नाही. पट पुन्हा भरतो आहे. पण बैलाला टोचून, छळून पळवायचे असेल तर तो न भरलेलाच बरा.

कोणी म्हणेल, जे परवडत नाही ते जाईना का! या जिल्ह्याने हे एकदा करून पाहिले आहे. हिंगणघाटचा लांब धाग्याचा बनी कापूस एके काळी परदेशच्या बाजारांत नावाने ओळखला जाई. अधिक उतारा देणारी, आखूड धाग्याची वाणे आली, आणि बनी मागे पडली. आज कोरडवाहू रानात, कमी खर्चात येणारे लांब धाग्याचे देशी वाण शास्त्रज्ञ शोधीत आहेत. हरवलेली वस्तू शोधायला, जपून ठेवण्यापेक्षा नेहमीच अधिक खर्च येतो. गवळाऊचेही तसेच आहे. त्रेचाळीस-चव्वेचाळीस अंशांच्या उन्हात, वाळल्या कडब्यावर, डॉक्टरावाचून उभी राहणारी गाय पुढल्या पन्नास उन्हाळ्यांत फार मोलाची ठरेल. त्याच्या ओंगोल भावकीकडे पाहा: ब्राझीलने ती जनावरे येथून नेली, नेल्लोर या नावाने वाढवली, आणि आज त्या उष्ण देशात तिची संख्या कोटींनी मोजतात.

तेव्हा करायचे काय? घोड्याच्या इतिहासाने दिलेली तीन उत्तरे आम्ही आपल्यापुढे ठेवतो. पहिले, वही. शुद्ध गवळाऊ गाय आणि वळू कोणाकोणाकडे आहेत, त्यांची वंशावळ काय, हे गावोगाव लिहून काढावे. बेदुइनांनी जे स्मरणाने केले आणि इंग्रजांनी कागदावर, ते आपल्या गवळ्यांच्या स्मरणात आजही आहे. ती म्हातारी माणसे आहेत तोवर ते टिपून घ्यावे. दुसरे, वळू. गावात एक चांगला वळू राहिला तर कळप सुधारतो. तो एकाने विकत घेऊन साऱ्यांसाठी खुला करावा. त्यासाठी राणीच व्हावे लागते असे नाही. ग्रामपंचायत, सहकारी संस्था, एखादा कापूस-व्यापारीही ते करू शकतो. तिसरे, काम. ज्या जनावराला काम नाही ते दयेवर जगत नाही. गवळाऊच्या दुधातुपाला शहरातल्या गिऱ्हाइकाने रास्त भाव द्यावा. लहान शेतकऱ्याने डवरणी-पेरणीला बैलजोडी ठेवली तर ती हौस न समजता हिशेब समजावा. आणि हे गिऱ्हाईक म्हणजे कोण? येथे बसलेली आपण मंडळीच.

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी आपल्याकडे तान्हा पोळा भरतो. सिंदी रेल्वेचा तर दूरवर प्रसिद्ध आहे. माणसाहून उंच लाकडी बैल तेथे मिरवतात, आणि पोरे आपापले लहान नंदी दोरीने ओढीत असतात. सुतार ते बैल पांढरे रंगवतो, कारण त्याच्या आज्याने पांढरा बैल पाहिला होता. आमची एवढीच विनंती आहे की, लाकडी बैल ओढणाऱ्या पोराला आदल्या दिवशीच्या पोळ्यात तोरणाखाली जिवंत गवळाऊची एक तरी जोडी दिसावी. या पावसाळ्याआधी आपापल्या गावी जाल तेव्हा आपल्या गवळ्याला एवढे विचारा: तुझ्या गोठ्यात गवळाऊ किती? तो जो आकडा सांगेल, तो लिहून आणा. वहीचे पहिले पान तेच.